उड्डाण रद्द झाले की रिफंडचे बटण लगेच दाबू नका

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाची शस्त्रक्रिया सकाळी साडेआठला ठरली होती आणि मी आदल्या दिवशी दुपारच्या विमानाने त्याच्याकडे पोहोचणार होतो. बॅग भरून झाली होती. उड्डाणाला जेमतेम पाच तास उरले असताना मोबाइलवर संदेश आला की ‘ऑपरेशनल कारणास्तव’ आपले उड्डाण रद्द करण्यात आले असून गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे. सोबतची लिंक उघडली, तर ठळक निळ्या रंगात ‘पूर्ण रिफंड मिळवा’ असे बटण आणि त्याखाली करड्या, बारीक अक्षरांत ‘इतर पर्याय’. मी निळे बटण दाबले. पैसे तर परत मिळणारच आहेत, तेव्हा दुसरे तिकीट काढू, एवढाच हिशेब त्या क्षणी डोक्यात होता. दोन मिनिटांनी दुसऱ्या कंपनीच्या संध्याकाळच्या विमानाचे भाडे पाहिले तेव्हा ते माझ्या तिकिटाच्या साडेतीन पट झालेले होते, आणि काढावे की काढू नये या विचारात मी असतानाच उरलेल्या जागाही संपल्या. भावाला शस्त्रक्रियेसाठी आत नेले तेव्हा मी रात्रभर चाललेल्या बसमध्ये होतो आणि अजून दीडशे किलोमीटर जायचे होते. रिफंड मात्र सहाव्या दिवशी पूर्णच्या पूर्ण जमा झाला.

नंतर मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र होता. ‘सर, तुम्ही रिफंड स्वीकारल्यामुळे तुमचे बुकिंग आता आमच्याकडे शिल्लकच नाही,’ असे तो म्हणाला, आणि नियमाने पाहता त्याचे म्हणणे बरोबर होते. मी त्या बटणाने पैसे मागितले नव्हते, तर मला ठरलेल्या ठिकाणी पोहोचवण्याच्या जबाबदारीतून कंपनीला माझ्याच बोटाने मोकळे केले होते.

उड्डाण रद्द झाल्यावर आपल्याकडची सगळी चर्चा ‘पैसे परत मिळाले का’ याच प्रश्नावर सुरू होते आणि तिथेच संपते. माझे मत असे आहे की रिफंड हा प्रवाशाच्या हक्कांपैकी सर्वांत दुबळा हक्क आहे आणि कंपनीच्या दृष्टीने ती सर्वांत स्वस्तातली सुटका आहे. दोन महिने आधी काढलेल्या तिकिटाचे पैसे ऐन वेळी परत मिळाले, तर त्या पैशांत त्या दिवशीचे तिकीट येत नाही. मधला फरक कोणीतरी सोसावाच लागतो, आणि रिफंड घेणारा प्रवासी तो आपल्या खिशातून सोसायला तयार होतो, बहुतेक वेळा आपण असे काही कबूल करतो आहोत हे त्याला कळतही नाही.

युरोपीय संघाचा 2004 चा 261 क्रमांकाचा नियम, जो फेब्रुवारी 2005 पासून लागू आहे, मला या बाबतीत सर्वांत स्पष्ट वाटतो. त्यानुसार उड्डाण रद्द झाल्यावर पैसे परत घ्यायचे, शक्य तितक्या लवकरच्या पर्यायी मार्गाने पोहोचायचे, की सोयीच्या दुसऱ्या तारखेला जायचे, ही निवड प्रवाशाची असते. शिवाय 14 दिवसांपेक्षा कमी अवधीची सूचना मिळाली, तर अंतरानुसार 250, 400 किंवा 600 युरोंची ठरावीक भरपाई देय होते. त्यालाही पायऱ्या आहेत. उदाहरणार्थ, सूचना सात दिवसांच्या आतली असेल, तर कंपनीची भरपाईतून सुटका होण्यासाठी पर्यायी विमान मूळ वेळेच्या फार तर एक तास आधी सुटायला हवे आणि मूळ वेळेनंतर दोन तासांच्या आत पोहोचायला हवे. म्हणजे सूचना जितकी उशिरा, तितका पर्याय मूळ वेळेच्या जवळचा, असा तो हिशेब आहे. कंपनीच्या चुकीची किंमत तिने प्रवाशाला किती वेळ आधी सावध केले यावर ठरते, ही कल्पना मला न्याय्य वाटते.

सूचना ‘दिली’ म्हणजे काय, यावर युरोपीय न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण तर प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. अॅमस्टरडॅमहून सुरिनामच्या पारामारिबोला जाणाऱ्या एका प्रवाशाने एजन्सीमार्फत तिकीट काढले होते. कंपनीने बदल महिनाभर आधी एजन्सीला कळवला, पण एजन्सीने तो प्रवाशाला कळवेपर्यंत प्रवासाला दहाच दिवस उरले होते. आम्ही तर वेळेवर कळवले होते, हे कंपनीचे म्हणणे न्यायालयाने 2017 मध्ये फेटाळले. सूचना प्रवाशाच्या हाती वेळेत पडली हे सिद्ध करता येत नसेल, तर 600 युरो कंपनीने द्यायचे, आणि एजन्सीकडून ते वसूल करायचे की नाही हे तिचे तिने पाहायचे. ज्यांना ‘तुम्ही एजंटशी बोला, एजंट म्हणतो कंपनीशी बोला’ या फेऱ्यात अडकण्याचा अनुभव आहे, त्यांना या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको.

आता कारणाकडे येतो, कारण कंपन्यांची सगळी भिस्त त्यावरच असते. जवळजवळ प्रत्येक नियमावलीत ‘असाधारण परिस्थिती’चा अपवाद आहे, आणि तो असायलाच हवा. वादळात, बंद धावपट्टीवर किंवा हवाई क्षेत्र बंद असताना विमान उडवा असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु युरोपात हा अपवाद सांगून भागत नाही, तो कंपनीला सिद्ध करावा लागतो, आणि सर्व वाजवी उपाय करूनही उड्डाण रद्द करणे टळले नसते हेही दाखवावे लागते. विमानातील सर्वसाधारण तांत्रिक बिघाड हा व्यवसायाचाच भाग असल्याने तो असाधारण ठरत नाही, असे न्यायालयाने 2008 मध्ये म्हटले. पक्ष्याची धडक मात्र 2017 मध्ये असाधारण ठरवली. 2023 मध्ये तर उड्डाणाच्या दिवशी पहाटे सहवैमानिक हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत आढळल्याचे एक दुःखद प्रकरण आले, आणि कर्मचारी अचानक अनुपलब्ध होणे, मग कारण आजार असो वा मृत्यू, हे कंपनीच्या नियमित कामकाजातच मोडते असा निर्णय झाला. हा निर्णय पहिल्यांदा वाचला तेव्हा मलाही कठोर वाटला होता. पण विचार केल्यावर पटले, कारण न्यायालयाने त्यात कोणालाही दोष दिलेला नाही. अशा प्रसंगाची तजवीज करण्याची ताकद कंपनी आणि प्रवासी यांपैकी कोणात अधिक आहे, एवढेच पाहिले आहे.

या पार्श्वभूमीवर ‘ऑपरेशनल कारणास्तव’ हे दोन शब्द पाहा. एकच विमान दिवसाला चार-पाच फेऱ्या करते, त्यामुळे सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो, वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा संपते आणि शेवटची फेरी गळते. तीही ऑपरेशनल बाब. दोन अर्धवट भरलेल्या विमानांचे प्रवासी एकात बसवले, तीही ऑपरेशनल बाब. सुट्या भागासाठी विमान जमिनीवर अडकले, तीही. ज्या शब्दात सगळेच मावते तो कारण सांगत नाही, आणि नेमके कारण ठाऊक नसलेला प्रवासी भरपाई मागणार तरी कशाच्या आधारावर?

असाधारण परिस्थिती सिद्ध झाली तरी कंपनी पूर्ण मोकळी होते असे नाही, हा मुद्दा तर बहुतेकांना माहीतच नसतो. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील विमाने बंद पडली, तेव्हा पोर्तुगालमधील फारो येथे आठवडाभर अडकलेल्या एका प्रवासी महिलेने जेवण, राहणे आणि स्थानिक प्रवास यांचे 1,129 युरो मागितले. त्यावर 2013 मध्ये निकाल आला की ठरावीक भरपाई देय नसली, तरी प्रवाशाच्या देखभालीचे कर्तव्य उरतेच आणि आवश्यक व वाजवी खर्चाला दिवसांची किंवा रकमेची ठोकळ मर्यादा नाही. मात्र येथेही तीच गोम आहे: रिफंड घेऊन व्यवहार संपवलेल्या प्रवाशाला हे कर्तव्य पुढे मागता येत नाही.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत दोन आठवडे आणि 24 तास असे सूचनेचे टप्पे आहेत. पर्यायी विमान की रिफंड, याचा उल्लेखही आहे. वेळेत सूचना न मिळाल्यास उड्डाणाच्या कालावधीनुसार 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपये, अथवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून मिळते. यातल्या ‘जी कमी असेल ती’ या शब्दांवर माझा आक्षेप आहे. स्वस्तात तिकीट काढलेल्या माणसाचे नुकसानही स्वस्तच असते, असे त्यात गृहीत धरले आहे. अमेरिकेने 2024 मध्ये रिफंड आपोआप जमा करण्याचा नियम आणला, क्रेडिट कार्डवर सात कामकाजी दिवसांत, आणि तो चांगलाच आहे, पण ऐन वेळच्या रद्दीकरणासाठी ठरावीक भरपाई देण्याचे बंधन तिथे नाही. 1999 चा माँट्रियल करार आंतरराष्ट्रीय प्रवासातील विलंबामुळे झालेल्या नुकसानीची तरतूद करतो, पण प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते आणि दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

मला सर्वांत आवडलेली तरतूद कॅनडाची आहे. तिथे रद्दीकरण मोठ्या कंपनीच्या नियंत्रणातील कारणाने झाले असेल आणि मूळ वेळेपासून नऊ तासांच्या आत निघणारे स्वतःचे किंवा भागीदार कंपनीचे विमान तिला देता येत नसेल, तर तिने प्रवाशाला कोणत्याही कंपनीच्या विमानात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्याही, जागा घेऊन द्यायची आहे. युरोपीय न्यायालयानेही 2020 मध्ये याच अंगाने म्हटले की इतर कंपन्यांची आधी पोहोचवणारी विमाने उपलब्ध असताना ‘उद्या आमच्याच विमानाने जा’ एवढ्यावर भागत नाही. माझ्या प्रसंगी संध्याकाळच्या त्या विमानात सुरुवातीला जागा होत्या. साडेतीन पट भाड्याचा भार कंपनीवर असता, तर मी भावाजवळ असतो.

कंपन्यांचा युक्तिवाद असा की भरपाई अनेकदा भाड्यापेक्षा जास्त होते आणि शेवटी तिकिटेच महाग होतात. त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. जून 2025 मध्ये युरोपीय संघाच्या सदस्य देशांच्या मंत्र्यांनी विलंबाच्या भरपाईसाठीची तीन तासांची मर्यादा अंतरानुसार चार आणि सहा तासांवर नेण्याची भूमिका घेतली, तीही या दबावातूनच. पण तिकिटात थोडी वाढ होऊन जोखीम सगळ्यांत वाटली जाणे आणि एका दुर्दैवी दिवशी ती एकाच माणसावर पूर्ण कोसळणे, यांत निवड करायची तर मी थोडे महाग तिकीट घेईन.

त्या अनुभवानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. असा संदेश आला की आधी त्याचा वेळेसह स्क्रीनशॉट घेतो, आणि कोणतेही बटण दाबण्यापूर्वी दुसऱ्या कंपन्यांची विमाने शोधून, त्यांचे क्रमांक समोर ठेवून फोन करतो. ‘काहीतरी सोय करा’ असे म्हटले की ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. ‘सहा वीसच्या या क्रमांकाच्या विमानात जागा दिसते आहे, त्यात बसवा, नाही तर नकार लेखी द्या’ असे म्हटले की निदान वरिष्ठांना विचारायला तरी जातात. या वर्षी एकदा असेच झाले. चाळीस मिनिटे होल्डवर राहिल्यानंतर, कंपनीने अन्य कंपनीच्या नाही पण आपल्याच एका वाकड्या वाटेच्या कनेक्टिंग विमानात मला बसवले आणि मी चार तास उशिरा का होईना, त्याच दिवशी पोहोचलो.

भावाच्या वेळच्या त्या उड्डाणाचे नेमके कारण मी ईमेलने लेखी मागितले होते. अकरा दिवसांनी उत्तर आले की आपले उड्डाण ऑपरेशनल कारणास्तव रद्द करण्यात आले होते. मी परत विचारले आहे.