अंगणातली होडी

सांगलीत कुणी अंगणात होडी आणून ठेवली, तर गाव त्याला वेड्यात काढत नाही. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर बघितलेली माणसं होडीकडे छंद म्हणून बघतच नाहीत. गॅसच्या सिलिंडरकडे बघावं तशी बघतात: भरलेला आहे ना, बास. त्यामुळे पुण्याहून छोटा हत्तीवर लादून माझी होडी गल्लीत उतरली, तेव्हा "कशाला?" असं विचारणारी एकटी बायकोच निघाली. बाकी गल्लीचा प्रश्न एकच होता. "किती माणसं बसतात?"

"दोन," मी म्हणालो.

गल्लीचा चेहरा पडला. पण समोरच्या काकू सावरल्या. "शिकलेली माणसं कमीच सांगतात. सहा बसतील."

होडी एंटरप्राइज जातीची. जॅक होल्ट नावाच्या इंग्रजानं 1956 साली ही रचना केली. लांबी 13 फूट 3 इंच, दोन शिडं, तीही निळी. माझी होडी मरीन प्लायची आणि वयानं चाळिशीच्या पुढची, म्हणजे माझ्यासारखीच. विकणारा म्हणाला होता, "थोडं घासायचं, दोन हात रंगाचे, दोन महिन्यांत पाण्यात." हे तीन वर्षांपूर्वी.

पहिल्या रविवारी मी मागच्या फळीला स्क्रू ड्रायव्हर टेकवला. टेकवलाच फक्त. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला चहात विरघळलेल्या बिस्किटासारखा काळा लगदा. शेजारी टेकवला, तिथंही गेला. मग मला नादच लागला, आणि संध्याकाळपर्यंत मी ती फळी होडीतून वेगळी केली. त्या दिवशी बायकोला अभिमानानं सांगितलं, "बरंच काम झालं." तिनं अंगणात बघितलं. सकाळी तिथं एक होडी होती. आता पाऊण होडी आणि एक ढीग होता.

मिस्त्री बोलावला. किचन ट्रॉलीत त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोटांनी वाजवून बघितली आणि म्हणाला, "सर, एवढा खटाटोप कशाला? वरनं सनमायका मारू की. धा वर्षं बघायला नको." मी त्याला पाण्याचा दाब, वजन, सांधे हे सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "मग आतल्या बाजूला तरी मारू. पुसायला बरं."

सातशेदहा नंबरची, म्हणजे मरीन प्लाय गावात मिळाली. घोडं अडलं स्क्रूंवर. मला 316 ग्रेडचं स्टील हवं होतं, कारण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात 304 ला गंजाचे ठिपके येतात. गणपती पेठेतला दुकानदार म्हणाला, "डेअरीवाले 304 च नेतात. तुमची होडी चालणार कुठं?" मी म्हटलं, "कृष्णेत." तो काहीच बोलला नाही. कृष्णेचं पाणी गोडं आहे हे मलाही ठाऊक होतं. तरी मी मुंबईहून 316 मागवले. पार्सल यायला सव्वा महिना लागला आणि आले ते अर्धा इंच आखूड.

खरा छळ एपॉक्सीचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून करायच्या गोंदाचा. उन्हाळ्यात सांगलीचं ऊन असं की रेझिनमध्ये हार्डनर ढवळेपर्यंत ते पकडायला लागतं. एकदा मी घाईत स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी घेतली आणि ती काठोकाठ कालवली. पाच मिनिटांत वाटी हाताला चटका देऊ लागली, मग धूर, मग ब्रश आत उभाच्या उभा राहिला. तो आजही उभा आहे. वाटी बायकोच्या रुखवतातली. उलटी केली की तळावर तिच्या मामांचं नाव स्वच्छ वाचता येतं. पावसाळ्यात याच्या उलट. दमट हवेत एपॉक्सीवर तुपासारखा ओशट थर येतो, तो पाण्यानं धुवायचा, वाळवायचा, परत 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 220. वाळवायचा म्हणजे कुठं, तर पावसात.

उरला हिवाळा, त्यात लग्नं.

त्यातून एका मार्चमध्ये काम खरंच रंगात आलं होतं. होडी लाकडी घोड्यांवर पालथी घातलेली, तळ घासून गुळगुळीत. एंटरप्राइजचा तळ गोल नसतो, त्याला कंगोरे असतात, त्यामुळे मध्ये छान सपाट पट्टे पडतात. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर त्या पट्ट्यांवर आईनं प्लॅस्टिक अंथरून कुरडया घातल्या होत्या. ओळीनं, नाळेपासून मागच्या फळीपर्यंत. "गच्चीवर कावळे येतात," आई म्हणाली, "आणि हे कसं, कमरेच्या उंचीला आहे, वाकायला नको. वाळेपर्यंत हात लावू नको रे." कुरडयांमागून साबुदाण्याच्या पापड्या, मग काकूंचे सांडगे. जून उजाडला.

सांगलवाडीच्या एका आप्पांना मुद्दाम दाखवायला आणलं. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत त्यांनी उमेदीत वल्ही मारलेली. त्यांनी तळावरून हात फिरवला, "बेस" म्हणाले आणि विचारलं, "वल्ही कुठायत?"

"शिडाची आहे, आप्पा. वाऱ्यावर चालते."

"आणि वारं पडलं तर?"

"तर थांबायचं."

आप्पा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "तीन वर्षं तेच करताय न्हवं?"

गेल्या आठवड्यात गल्लीतल्या आठ जणांनी मिळून होडी सुलटी केली. पाऊस लागला होता, आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे मोबाइलवर फिरायला लागले होते. 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका, हे इथं पोरांनाही पाठ असतं. पाणी अजून बरंच खाली होतं, पण गल्लीला उत्साह आला. मी सगळ्यांना नीट सांगितलं की सेंटरबोर्डची, म्हणजे होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीची, पेटी बसवायची राहिली आहे, त्या जागी तळाला आरपार फट आहे, डोलकाठी माळ्यावर आहे आणि सुकाणू बनायचं आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सकाळी ब्रश घेऊन बाहेर आलो. फटीतून खालची शहाबादी फरशी दिसत होती. तिच्या शेजारीच, बसायच्या आडव्या फळीवर, एसटीत टाकतात तसा कुणीतरी रुमाल टाकून ठेवला होता.