विजयदुर्गाचे ओटे खरे, तारीख खोटी

ऑगस्ट लागला, नारळी पौर्णिमेच्या शुभेच्छा फिरून झाल्या, की आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. थोडक्यात असा: '१८ ऑगस्ट १८६८ रोजी सर नॉर्मन लॉकयर यांनी आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर ओटे बांधून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. या शोधासाठीच चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव दिलं. कोकणी असाल तर पुढे पाठवा.' दोन वर्षं मी गप्प बसलो. यंदा नववीतल्या भाचीने हाच मजकूर भाषणासाठी वहीत उतरवला आणि 'मामा, जरा बघ ना' म्हणून माझ्यापुढे धरला, तेव्हा गप्प बसणं जमेना.

आधी ते 'सर' घ्या. १८६८ मध्ये लॉकयर बत्तीस वर्षांचा होता आणि लंडनच्या युद्ध खात्यात कारकुनी करत होता. खगोलशास्त्र हा त्याचा कचेरीतून सुटल्यावरचा नाद. 'सर' हा किताब त्याला मिळाला १८९७ मध्ये. मेसेज लिहिणाऱ्याने नकळत एक खूण ठेवली आहे, ती पुढे कामाला येईल.

आता मुख्य गोष्ट. त्या दिवशी लॉकयर विजयदुर्गात नव्हता, भारतातच नव्हता. तो इंग्लंडमध्ये होता.

ग्रहण मात्र खरंच झालं. त्याचा पट्टा हिंदुस्थान आडवा कापत पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला होता आणि तो पाहायला कोण कुठे बसलं होतं हे नीट नोंदलेलं आहे. फ्रान्सचा पिएर जान्सन गुंटूरला, मेजर टेनंटही तिथेच. मद्रास वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणला, त्याच वेधशाळेतले रघुनाथाचारी वनपर्तीला. लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत. या यादीत लॉकयर नाही. शिवाय साधा विचार करा. ती श्रावणातली अमावास्या, म्हणजे आपली पिठोरी, गणपती तोंडावर आलेले. त्या दिवसांत देवगड तालुक्यात कपडे वाळत नाहीत, तिथे सूर्याच्या कडेचा मिनिटा-मिनिटाचा हिशोब ठेवायला सातासमुद्रापलीकडून कोण येऊन बसेल?

खरी गंमत पुढे आहे. लॉकयरचं नाव झालं तेच मुळी ग्रहणाशिवाय काम केल्याबद्दल. सूर्याच्या कडेला ज्वाळांसारखे उठाव दिसतात. एरवी सूर्याच्या लखलखाटात ते बुडून जातात, म्हणून तोवर ते फक्त ग्रहणातच दिसायचे. प्रकाश रंगांच्या पट्ट्यात पुरेसा फाकवला तर लखलखाट पातळ होईल, पण या उठावांचा प्रकाश मोजक्याच रंगांचा, त्याच्या रेषा तशाच ठळक राहतील, असं लॉकयरचं म्हणणं होतं. प्रकाश असा फाकवणारं यंत्र, म्हणजे वर्णपटदर्शक, बनून यायला फार उशीर झाला. तो हाती पडला ऑक्टोबरच्या मध्यावर, आणि २० ऑक्टोबर १८६८ ला भर उजेडात, लंडनच्या आकाशाखाली, त्याला त्या रेषा दिसल्या. तिकडे जान्सनने हीच युक्ती गुंटूरला ग्रहण पाहता पाहता ओळखली आणि दुसऱ्या दिवशी, ग्रहण संपलेलं असताना, करूनही पाहिली. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत पोचली. पुढे फ्रेंचांनी दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक पाडलं. एकाचं कौतुक करून दुसऱ्याला रुसवण्यापेक्षा हे बरं.

बरं, मग हेलियम? 'ग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला' हे वाक्य म्हणजे पाणी शेंदलं आणि जेवण तयार झालं, असं आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, आणि दिसली होती फक्त एक पिवळी रेषा. मिठाची चिमूट ज्योतीत टाकली की सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा दिसतात, त्यांच्या अगदी शेजारची. ग्रहणात अनेकांनी ती पाहिली आणि बहुतेकांनी ती सोडियमचीच धरली. ती सोडियमची नाही, जागा जराशी सरकलेली आहे, हे लॉकयरने मापून ठरवलं आणि तिला डी-३ म्हटलं. तरी लगेच नवं मूलद्रव्य झालं नाही. रसायनतज्ज्ञ एडवर्ड फ्रँकलंडबरोबर त्याने हायड्रोजनकडून ती रेषा काढता येते का ते प्रयोगशाळेत तपासलं. येईना. मग सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हा शब्द आला आणि १८७१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसनच्या भाषणातून तो सर्वांपुढे गेला. अनेक रसायनतज्ज्ञांना तो पटला नाही, आणि त्यांचं फार चुकलं असं मला वाटत नाही. एका रेषेवरून मूलद्रव्य मानायचं कसं? अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना क्लेवाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून हा वायू मिळाला. त्याचा नमुना खुद्द लॉकयरकडेही गेला होता.

आता ओट्यांकडे येऊ, कारण ग्रुपवर भांडण इथेच होतं. 'मग साहेबाचे ओटे काय आमच्या आज्याने बांधले?' असा प्रश्न येतो. नाही, साहेब आला होता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला सर नॉर्मन लॉकयर विजयदुर्गात तळ ठोकून होते. हीच ती 'सर'ची खूण. त्या वर्षी पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ नेगमवाला करमाळ्याकडच्या जेऊरला गेले होते, लॉकयर आपल्याकडे. वेधाच्या यंत्रांना जराही न हलणारा पाया लागतो, म्हणून ओटे याच मुक्कामाचे असावेत असं माझं मत. त्यांच्या मदतीला आरमाराची 'मेल्पोमेनी' ही बोट होती आणि वेध घ्यायला राबले ते बोटीवरचे खलाशी. कोणी कॅमेऱ्यावर, कोणी वेळ पुकारायला, कोणी काळवंडलेल्या सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचं चित्र काढायला. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, त्यामुळे आधी रंगीत तालमी कराव्या लागायच्या. नाटकवेड्या सिंधुदुर्गाला हे सांगायला नको. पण त्या दिवशी हेलियम पृथ्वीवर हाती लागून तीन वर्षं होत आली होती. नवीन मूलद्रव्य शोधायला लॉकयर इथे आले नव्हते.

दरवर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस होतो. होऊ द्या, माझा विरोध नाही, पोरं किल्ल्यावर येतात हेच पुष्कळ. पण २२ जानेवारी का नाही? ती तारीख खरी आपली आहे, आकाशही निरभ्र असतं आणि तटावर शेवाळावरून पाय घसरत नाही. भाचीने तर भाषणात लॉकयरला दोन ओळी आणि खलाशांना अर्धं पान दिलं आहे.

राहिलं विवर. लॉकयर नावाचं विवर चंद्रावर आहे, पण ते माणसाचं नाव आहे, किल्ल्यावरच्या कुठल्या प्रसंगाची पाटी नव्हे. आणि त्याने 'नेचर' हे साप्ताहिक १८६९ मध्ये सुरू करून पन्नास वर्षं चालवलं, एवढ्यावरही ते मिळायला हरकत नव्हती. विवर तसं लहान, सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचं, म्हणजे विजयदुर्गापासून वाघोटन खाडीने आत खारेपाटणपर्यंतचं सरळ अंतर धरा. ते बसलंय मात्र एका अवाढव्य, झिजलेल्या विवराच्या काठावर, आणि त्या मोठ्याचं नाव जान्सन. त्याची रुंदी विजयदुर्ग ते जंजिरा भरेल इतकी, जवळजवळ दोनशे किलोमीटर.

पावसाळा सरला की शुद्ध पंचमीच्या आसपास संध्याकाळी पश्चिमेच्या तटावर लहान दुर्बीण लावा. कोर समुद्राकडे उतरू लागलेली असते. तिच्या दक्षिण टोकाकडे, उजेड-अंधाराच्या सीमेजवळ जान्सनचा मोडका काठ दिसेल, आणि त्याच काठावर बसलेला लॉकयरचा लहान, रेखीव खड्डा.