डबीची किंमत बॉनेटवर दिसत नाही

"स्वस्त वॅक्स म्हणजे रंगाला विष. गाडीवर प्रेम असेल तर महागडंच लावा. त्यात १०० टक्के कार्नोबा असतं, चकाकी आरशासारखी येते. पाण्याचे मणी दिसतात तोवर रंग सुरक्षित. जाड थर द्या, एकदा लावलं की वर्षभर पाहायला नको." या मजकुराचं कुठलं ना कुठलं रूप गाडीवाल्यांमध्ये सतत फिरत असतं. नवी गाडी घेतलेला माणूस ते वाचतो, ऐपतीबाहेरची डबी आणतो, घाईघाईत धुतलेल्या गाडीवर फासतो, आणि दोन महिन्यांत चमक उतरली की आपलंच काहीतरी चुकलं असं समजतो. त्याचं चुकलेलं नसतं. त्याला सांगितलंच चुकीचं गेलेलं असतं.

सुरुवात त्या १०० टक्क्यांपासून करतो, कारण डबीची किंमत मुख्यतः त्यावरच चढते. कार्नोबा म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या, ताडाच्या कुळातल्या एका झाडाच्या पानांवरचं मेण. कोरड्या हवेत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडानं स्वतःवर चढवलेला तो लेप. पानं कापून वाळवतात, झोडपतात, मग त्याची भुकटी झडते. नैसर्गिक मेणांमध्ये इतकं टणक मेण क्वचितच सापडतं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं, कार्नोबाला ८२ ते ८६ अंश लागतात. आणि इथंच दाव्याचं बिंग फुटतं. शुद्ध कार्नोबाचा खडा हातात घेतला तर त्याचा टवका उडतो, पण तो फडक्यावर येत नाही. गाडीवर पसरण्याजोगा करायला त्यात द्रावक, तेलं आणि मऊ मेणं मिसळावीच लागतात. बोट सहज रुततं अशा डबीत १०० टक्के कार्नोबा असणं शक्य नाही. 'शुद्ध १०० टक्के कार्नोबा' याचा अर्थ एवढाच, की जे काही कार्नोबा घातलंय ते भेसळीचं नाही. किती घातलंय, ते त्या शब्दांवरून कळत नाही. शिवाय हे काही दुर्मीळ रसायन नव्हे. गोळ्या-चॉकलेटांवरच्या चकाकीसाठीही हेच मेण वापरतात.

आता चकाकी. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. पुसून झाल्यावर उरणारा वॅक्सचा थर त्यापुढे नगण्य, एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. प्रकाश आरशासारखा परत येतो तो खालचा पृष्ठभाग सपाट असला तर. त्यावर बारीक ओरखड्यांची जाळी असेल तर प्रकाश विखुरतो आणि रंग धुरकट दिसतो. वॅक्समधली तेलं काही ओरखडे तात्पुरते भरतात, म्हणून पहिल्या दिवशी गाडी झळकते. तो झळाळ खरा असतो, पण उसना. ओरखडे काढायचं काम पॉलिशचं, वॅक्सचं नाही, आणि हा फरक कुठल्याच फिरत्या मजकुरात नसतो.

एक करून पाहा. गाडी नेहमीसारखी धुऊन पुसून घ्या. हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटांची टोकं बॉनेटवरून अलगद फिरवा. जे डोळ्यांना काचेसारखं दिसत होतं ते बारीक रव्यासारखं लागेल. ब्रेकची लोखंडी भुकटी, डांबराचे कण, झाडाचा चीक, हे सगळं धुतल्यावरही रंगात अडकून राहतं. ते क्ले बारनं, म्हणजे रंगावरून फिरवून असे कण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीनं, काढावं लागतं. न काढता वर कितीही भारी वॅक्स लावलं तरी ते रंगावर बसत नाही, त्या कणांवर बसतं. मी एकदा बॉनेटवर मधोमध चिकटपट्टी लावली. एका बाजूला घरातली सर्वांत स्वस्त डबी, दुसऱ्या बाजूला भेट मिळालेली महागडी. पण स्वस्तवाली बाजू आधी क्ले आणि पॉलिश करून घेतली होती, दुसरी नुसती धुतलेली. ज्यांना ज्यांना दाखवलं त्या सगळ्यांनी स्वस्त बाजूकडे बोट दाखवलं. मग दुसरी बाजूही तशीच तयार करून पुन्हा दोन्ही वॅक्स लावली, तेव्हा मला स्वतःलाही फरक सांगता आला नाही. एका गाडीवरचा अनुभव आहे, पण त्यानंतर माझे पैसे डबीवर कमी आणि चांगल्या मायक्रोफायबर फडक्यांवर जास्त जाऊ लागले.

"स्वस्त वॅक्स रंग खातं" यात मात्र थोडं तथ्य आहे. 'क्लीनर वॅक्स' नावाच्या प्रकारात घासणारे कण किंवा कडक द्रावक असतात. ते दर महिन्याला लावलं तर क्लिअर कोट हळूहळू झिजतो. पण हा प्रश्न प्रकाराचा आहे, किमतीचा नाही. महाग क्लीनर वॅक्सही घासतंच आणि साधं स्वस्त वॅक्स घासत नाही. डबीवरचं नाव वाचा. फडक्यावर रंग उतरल्याचे फोटो दाखवून घाबरवतात, ते बहुतेक क्लिअर कोट नसलेल्या जुन्या रंगाचे असतात. तिथं वरचा मृत, पांढुरका पडलेला रंग कशानंही निघतो.

पाण्याच्या मण्यांबद्दल थोडक्यात. मणी दिसणं म्हणजे पृष्ठभाग पाणी झटकतोय, इतकंच. धुळीचा पातळ पडदा बसला की वॅक्स शाबूत असूनही मणी दिसत नाहीत. गाडी धुतली की परत येतात. मणी उन्हात वाळले तर पाण्यातल्या क्षारांची वर्तुळं मागे राहतात, म्हणून मणी बघत बसण्यापेक्षा ते पुसणं बरं. आणि पक्ष्याची विष्ठा पडली तर कुठलंही वॅक्स ती पेलत नाही, फार तर थोडी उसंत देतं. लगेच ओलं फडकं ठेवून ती मऊ करून उचला, घासू नका.

"वर्षभर पाहायला नको" हा दावा तर उलटाच आहे. नैसर्गिक कार्नोबा, कितीही भारी असलं, तरी काही आठवडे ते दोनेक महिने टिकतं. मध्यम किमतीचं कृत्रिम पॉलिमर सीलंट, म्हणजे वॅक्सऐवजी लावायचा कारखान्यात बनवलेला लेप, चार-सहा महिने सहज काढतं. म्हणजे टिकाऊपणा हवा म्हणून सर्वांत महाग नैसर्गिक मेण घेणारा माणूस कमी टिकणाऱ्या वस्तूला जास्त पैसे मोजतो. वर्षानुवर्षांची भाषा सिरॅमिक कोटिंगला, म्हणजे रंगावर घट्ट धरून बसणाऱ्या टणक लेपाला, शोभते. तो वेगळाच प्रकार आहे आणि त्याची पूर्वतयारीही वेगळी.

महाग डबीत काहीच नसतं असं माझं म्हणणं नाही. चांगलं बनवलेलं वॅक्स हलक्या हातानं पसरतं, सहज पुसलं जातं, त्याची भुकटी कमी उडते. ज्याला दर रविवारी दोन तास गाडीपाशी रमायचं आहे त्यानं त्या सुखासाठी जरूर घ्यावं. रंग वाचवण्यासाठी म्हणून मात्र कुणी कर्ज काढल्यासारखा खर्च करू नये, आणि स्वस्त डबी वापरणाऱ्याला कुणी कमी लेखू नये.

राहिला जाड थर. रंगाला जेवढं धरता येतं तेवढंच राहतं, बाकीचं तुमच्या फडक्यात जातं आणि पुसताना दम काढतं. दुसरा हात फिरवायचा तो पहिल्यात सुटलेल्या जागा झाकायला. गाडी सावलीत लावा, पत्रा गार होऊ द्या, काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना वॅक्स लागू देऊ नका, नाहीतर पांढरे डाग बसतात. थर इतका पातळ लावा की रंग आरपार दिसेल. थोड्या वेळानं त्यावरून बोट ओढा. वॅक्स लोण्यासारखं फासलं गेलं तर अजून थांबा. बोटामागे स्वच्छ, कोरडा रंग उघडा पडला की पुसायला घ्या.