दोन रिपीटरांची सोयरीक

एकटा असतो तेव्हा रिपीटर फार गुणी असतो. डोंगरावरच्या खोलीत बसून एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर ते जोरात सांगायचं, एवढंच त्याचं काम. दोन मीटरच्या बँडवर, म्हणजे साधारण दोन मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यात, या दोहोंत बहुतेक वेळा ६०० किलोहर्ट्‌झचंच अंतर असतं, तरी डुप्लेक्सर नावाच्या गाळणीच्या कृपेने त्याचा स्वतःचा आवाज त्याच्या कानात शिरत नाही. स्वतः बोलत असताना दुसऱ्याचं ऐकू येण्याची ही सोय माणसांत अजून आलेली नाही.

पण हौशी रेडिओवाल्यांना कोणी एकटं सुखात असलेलं बघवत नाही. पलीकडच्या डोंगरावर दुसरा रिपीटर आहे म्हटल्यावर कोणीतरी म्हणतंच, "लिंक करून टाकू की!" म्हणजे दोघांना रेडिओनेच एकमेकांशी जोडायचं. असं म्हणणारा माणूस पुढे डोंगरावर कधीच दिसत नाही.

कागदावर सगळं जमतं. ४३५ मेगाहर्ट्‌झ, ४० किलोमीटर, मोकळ्या हवेत सिग्नलची घट साधारण ११७ डेसिबल. दोन्हीकडे यागी, म्हणजे एकाच दिशेला रोखलेल्या अँटेना, लावल्या की झालं. दुर्बिणीतून समोरचा टॉवरही दिसत होता. पण नुसतं दिसून भागत नाही, फ्रेनेल आडवा येतो. लहरींना सरळ रेषा पुरत नाही, तिच्याभोवती ऐसपैस फुगीर जागा लागते, तिलाच फ्रेनेल झोन म्हणतात. आमच्या मार्गाच्या मध्यावर तिची त्रिज्या निघाली ८३ मीटर, आणि त्यातली ६० टक्के तरी मोकळी हवी. नेमकं मध्येच एक टेंगूळ होतं, नकाशावर बोटाखाली झाकलं जाईल एवढं. मधला अडथळा पाच मीटरने चुकवायचा तर एका टोकाला अँटेना दहा मीटर वर न्यावी लागते. हा हिशोब टॉवरवर चढणाऱ्याला खाली असतानाच सांगावा.

मग दिशा जुळवणं. एकमेकांशी बोलता यावं म्हणून लिंक, आणि लिंक लावायला आधी एकमेकांशी बोलता यायला हवं. हातातल्या सेटवर खरखरत आमचं सुरू झालं.

"थोडी डावीकडे घे."

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांत याचं उत्तर देता येत नाही. बराच वेळ फिरवूनही सिग्नल अशक्तच. शेवटी मित्राने सहज सांगितलं, की त्याने यागी आडवी बसवली आहे, "वारा कमी लागतो म्हणून." आमची उभी होती. एवढ्याने २० डेसिबल सहज जातात, म्हणजे शंभरातला एक भाग हाती लागतो. कनेक्टरमध्ये पाणी गेलं ते वेगळंच, ते जातंच.

लिंक लागली, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. माणसाचं बोलणं संपलं तरी रिपीटर काही क्षण चालू राहतो, 'पिप' करतो आणि मग बंद होतो. पहिल्याची ही शेपटी लिंकवरून दुसऱ्याने ऐकली. कोणीतरी बोलतंय असं समजून तो जागा झाला, आणि शेवटी त्यानेही 'पिप' केलं. ते पहिल्याने ऐकलं. रात्रभर दोन डोंगर एकमेकांना 'पिप' म्हणत होते. अशा वेळेसाठी तीन मिनिटांचा टाइमआउट टायमर असतो म्हणतात. पण तो अखंड बोलणाऱ्याला पकडतो. हे दोघं आळीपाळीने, सगळे नियम पाळून बोलत होते. इतका शिस्तीचा संवाद त्या फ्रिक्वेन्सीवर आधी कधी झाला नव्हता. उपाय साधा आहे: लिंकचा ट्रान्समीटर फक्त खऱ्या येणाऱ्या सिग्नलवर चालू व्हावा, शेपटीवर नाही. त्यासाठी एक तार बदलायची असते. ती तार अर्थातच पलीकडच्या डोंगरावर असते.

आता सगळं सुरळीत आहे, तिसरा डोंगरही जोडला आहे. फक्त प्रत्येक टप्प्यावर रिसीव्हरने बोलण्यासोबत येणारा ओळखीचा टोन ओळखून ट्रान्समीटर चालू होईपर्यंत बोलण्याची सुरुवात थोडी थोडी कापली जाते. बटण दाबून क्षणभर थांबलं की भागतं, पण थांबतो कोण! निम्म्या मंडळींची कॉलसाइन, म्हणजे हवेतली ओळखीची अक्षरं, शेवटच्या दोन अक्षरांवरून ओळखावी लागतात. म्हणून मित्राने परवा सगळ्यांसाठी मुद्दाम सूचना दिली, "थांबा, मग बोला." बटण दाबता दाबताच दिली. तिसऱ्या डोंगरापलीकडे ती "मग बोला" अशी पोचली, आणि तिकडचे सगळे एकदम बोलायला लागले.