कर्ज मागायला जाताना पेन नेऊ नये

गोव्यात धंद्यासाठी बँकेचे कर्ज हवे असेल, तर आधी खिशातले पेन घरी ठेवा. सह्या करायला पेन बँकच देते. जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारलेली असेल तिथे तिथे सही ठोकायची, एवढेच तुमचे लेखी काम. स्वतःचे पेन जवळ असले की माणसाला नाही नाही ते सुचते. 'अर्जाची पोच द्या' म्हणावेसे वाटते. 'नाही म्हणताय, तर कारण लिहून द्या' हेही तोंडातून निसटते. हे दोन शब्द बाहेर पडले की तुम्ही गिऱ्हाईक उरत नाही, कटकट होता.

आता, अर्जाची पोच द्यावी आणि छोट्या कर्जदाराचा अर्ज फेटाळला तर कारणे लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेने 2003 मध्येच बँकांना सांगून ठेवले आहे. पण ते बँकांना सांगितले आहे. तुम्हाला कोणी सांगितले? दुसऱ्याची पत्रे वाचू नयेत.

शिवाय तोंडी नकारात जो ओलावा असतो तो लेखी नकारात कुठून येणार? 'पुढच्या महिन्यात बघूया', 'आमचं टार्गेट संपलं', 'सिस्टिम घेत नाही', 'रीजनल ऑफिसला पाठवलंय', 'तुम्ही कशाला येता, आम्हीच फोन करू'. यात 'नाही' हा शब्द शोधून दाखवा. तिमाहीला लीड बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांची म्होरकी, बैठक भरवते, तेव्हा अर्ज किती आले आणि किती फेटाळले याचा तक्ता मांडतात. तुमचा अर्ज आवक नोंदीत चढलाच नाही, तर फेटाळला कसा जाईल? त्या तक्त्यावरून पाहिले तर पेडण्यापासून काणकोणापर्यंत समस्त धंदेवाले सुखात आहेत. गोव्यातल्या बँकांत ठेवी उतू जातात: आखातातल्या, बोटीवरच्या, विकलेल्या भाटांच्या, म्हणजे बागायतींच्या. त्या ठेवींच्या मानाने गोव्यातले कर्जवाटप मात्र देशाच्या सरासरीच्या निम्म्यालाही पोचत नाही. त्याबद्दल बैठकीत चिंता व्यक्त होते. ती तेवढी लेखी असते, इतिवृत्तात.

पण कर्ज ही पुढची पायरी, आधी चालू खाते उघडा. समजा, तुमचा हरमल-मोरजीच्या हॉटेलांच्या चादरी धुण्याचा धंदा आहे. बँक म्हणेल, धंद्याच्या नावाचे दोन कागद आणा. एक उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी. ती 2020 पासून सरकारी पोर्टलवर फुकट होते, म्हणून ती पैसे घेणाऱ्या दलालाच्या संकेतस्थळावरूनच करा. फुकटच्या कागदाला वजन नसते. दुसरा पंचायतीचा परवाना. पंचायत घरमालकाचे ना-हरकत पत्र मागते. घरमालक म्हणतो, 'बाब, तुका कित्याक जाय तें?' (तुला कशाला हवे ते?) कारण त्या शेडला घर नंबरच नाही, आणि तुम्ही भाडे देता हे त्याच्या भावांना ठाऊक नाही. दुसरा कागद खरोखरच मिळण्यासारखा नसेल, तर जागेवर येऊन खात्री करावी आणि एकाच कागदावर खाते उघडावे, अशी मुभा नियमांत बँकेला आहे. मुभा आहे म्हणजे ती वापरलीच पाहिजे असे नाही. मॅनेजर भला माणूस असतो, त्याला तुमच्या शेडपर्यंत उन्हात चालवत नेणे बरे दिसत नाही.

खाते उघडले, की तारण. योजनांमध्ये तारण लागत नाही असे छापलेले असते, त्यामुळे भोळी माणसे फसतात. छोट्या उद्योगांच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका, असा आदेश रिझर्व्ह बँकेने 2010 मध्येच काढला. मुद्रा योजना 2015 ची. तिच्यात 50 हजारांपर्यंत शिशू, 5 लाखांपर्यंत किशोर, 10 लाखांपर्यंत तरुण, आणि तरुणपणीचे कर्ज नीट फेडणाऱ्यासाठी 20 लाखांपर्यंत तरुण प्लस. नावे वाचून वाटते, बँक आपल्याला दत्तकच घेणार. प्रत्यक्षात तुमचे वय बँक ठरवते, आणि बहुतेकांना ती शिशूच ठेवते. शिवाय विनातारण कर्ज बुडाले तर बँकेला भरपाई देणारा सरकारचा आणि सिडबी या लघुउद्योगांच्या बँकेचा हमी ट्रस्ट 2000 सालापासून उभा आहे. 2025 मध्ये त्याच्या हमीची मर्यादा 10 कोटींवर नेली. म्हणजे तुम्ही बुडालात तरी बँक पुरती बुडत नाही. तरीही मॅनेजर म्हणतो, 'कोलॅटरल कंपल्सरी नहीं है. पर घर तो होगा ना?'

इथे मान ताठ ठेवून 'आहे' म्हणा. गोंयकाराला घर नाही असे कसे होईल? मग जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढून आणा. त्याच्यावर पणजोबांचे नाव असेल, आडनावाचे स्पेलिंग पोर्तुगीज पद्धतीचे. पणजोबांना जाऊन जमाना झाला, पण महसुली दप्तरात त्यांची प्रकृती उत्तम आहे. त्यांच्या वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची कायदेशीर वाटणी, कोणी केलेली नाही, कारण ती करायला बसले की कोणत्या आजोबांनी कोणता माड तोडला तिथपासून सुरुवात होते. एक काका गिरगावात, आत्या बेळगावला, तिची मुले दुबईत. आणि आपला नागरी कायदा पोर्तुगिजांच्या वेळचा, त्यामुळे लग्न झाले की सहसा मालमत्ता नवराबायकोची सामायिक. नुसत्या काकाच्या सहीने भागत नाही, काकूचीही लागते. आत्येच्या यजमानांचीही लागते, ज्यांनी 2 गुंठ्यांच्या वादापायी तुमच्या बारशालाही पाऊल ठेवले नव्हते. अशा वेळी कळते, की बिनलग्नाचा काका हा घराण्याचा खरा आधारस्तंभ असतो.

आणि मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे, असाल तर बोलायलाच नको. भिंती तुमच्या, चूल तुमची, तुळस तुमची. 1975 चा कायदाही तुमच्या बाजूचा. जमीन भाटकाराची. बँक तुळशीवर कर्ज देत नाही.

मग सोन्याकडे वळा. आपल्याकडे त्याला परंपरा आहे. पणजीच्या बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेत गोंयकारांनी गहाण ठेवलेले दागिने 1961 मध्ये मुक्तीच्या आधी लिस्बनला गेले आणि 1991 मध्ये परत आले. 30 वर्षे! मधल्या काळात ज्यांच्या लग्नासाठी ते सोडवायचे होते त्यांची मुले लग्नाला आली. तरी परत आले, हे मान्य करायला हवे. हल्ली रिझर्व्ह बँक भलतीच उतावीळ झाली आहे: कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मालमत्तेचे मूळ कागद परत द्या, उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्या, असे तिने 2023 मध्ये फर्मावले. घाबरू नका, तो नियम गृहकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांचा आहे. धंद्याच्या कर्जदाराने त्यात नाक खुपसू नये आणि लिस्बनचा धीर धरावा.

सिबिलची, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावर मिळणाऱ्या गुणांची, गोष्ट थोडक्यात सांगतो. 300 ते 900 च्या पट्टीवर तुम्हाला तोलतात. बापजन्मी कोणाचे पाच रुपये उसने न घेतलेला माणूस त्या पट्टीवर दिसतच नाही, आणि न दिसणाऱ्या माणसाला कर्ज देणार कसे? नुसता इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे सरकारने 2025 मध्ये संसदेत सांगितले खरे. तुमच्या शाखेत संसदेचे कामकाज पाहत नाहीत, एवढेच. हप्त्यावर फ्रिज घ्या. नको असला तरी घ्या.

पत्ताही जमल्यास बदला. डिचोली, सत्तरी, सांगे असला पत्ता असेल तर साहेबांच्या चेहऱ्यावर अजूनही ट्रक दिसू लागतो. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्या, आणि हप्त्यावर घेतलेले ट्रक अंगणात गंजत उभे राहिले. तुम्ही त्या वेळी शाळेत असाल, तुमच्या घरात कधी सायकलही नसेल. तरी ट्रक दिसतोच.

इतके सगळे जमले तर फाईल होते. तिच्याकडे नीट पाहून घ्या. गुलाबी पुठ्ठा, हिरवी नाडी आणि वर एक पिवळी चिकट चिठ्ठी, तिच्यावर इंग्रजीत एकच शब्द: 'डिस्कस'. सही नाही, तारीख नाही. आख्ख्या व्यवहारात बँकेने तुमच्याबद्दल स्वतःच्या हाताने लिहिलेला हा एकमेव शब्द. चार दिवसांनी पंख्याच्या वाऱ्याने तीही उडते, आणि फाईल कशासाठी थांबली आहे हे कोणालाच आठवत नाही. 'पेंडिंग आहे' एवढे मात्र सगळ्यांना माहीत असते. याच सुमारास, बोलता बोलता, विम्याची एक पॉलिसी पुढे येईल. सक्तीची नाही. पेन्सिलीची फुली तिच्यावरही असेल.

आणि कर्ज मिळालेच तर? मिळते हो कोणाकोणाला. मग दोन कॅलेंडरे भिंतीला लावा. एक बँकेचे: हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की तुमचे खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत. दुसरे तुमच्या हॉटेलवाल्याचे. 2006 च्या कायद्याने नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे बिल त्याने फार तर 45 दिवसांत चुकवले पाहिजे, आणि उशीर केला तर चक्रवाढ व्याज. हे त्याच्या कानावर मुळीच घालू नका. त्याच्याकडे दुसरा धोबी आहे, तुमच्याकडे दुसरे हॉटेल नाही. त्याच्या चादरी ऑक्टोबर ते मे धुवायच्या आणि पैशांसाठी पावसाळाभर त्याच्या अकाऊंटंटला 'गुड मॉर्निंग' पाठवायचे. बँक नेमके जून ते ऑगस्टचे स्टेटमेंट काढते आणि विचारते, 'बिझनेस डाऊन क्यों है?' पाऊस पडतोय, हे उत्तर फॉर्मच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

गप्प बसून धंदा केला तरी खाते सुखरूप राहील असे समजू नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईला कोणी क्यूआर कोडवर 60 रुपये धाडले. ते कुठल्यातरी ऑनलाइन फसवणुकीतून फिरत आलेले निघाले, तर हजार मैलांवरच्या सायबर पोलिसांच्या एका ईमेलवर तिचे खाते गोठू शकते. नुसते 60 रुपये नव्हेत, कधी कधी सगळे खाते. शाखेत विचारले तर 'पोलिसांना विचारा', पोलिसांना फोन केला तर ते त्यांच्या भाषेत काहीतरी बोलतात. ग्राहकाने पैसे देण्यापूर्वी ते कुठून आणले याचे शपथपत्र घ्यावे, मगच मिरची तोलावी.

राहता राहिली तक्रार. ती कशी करू नये तेवढे सांगतो. शाखेला लेखी तक्रार द्यायची, तिची पोच घ्यायची, 30 दिवस थांबायचे, उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या पोर्टलवर जायचे. त्याला फी नाही, वकील लागत नाही. 14448 वर फोन करून विचारताही येते. इतके सोपे आहे म्हणूनच करू नका. तुम्ही तक्रार केली की ती मोजली जाते. मोजली की तक्त्यात एक आकडा वाढतो आणि पुढच्या बैठकीत कोणाला तरी उभे राहून बोलावे लागते. इतकी वर्षे स्वच्छ राहिलेला रकाना तुमच्या हाताने का विटाळायचा?

क्वचित असेही घडते, की एखादा मॅनेजर न मागता अर्जाची पोच देतो, विनातारण हमीसाठी कागद स्वतः पाठवतो, आणि जमत नसेल तर कारण लेटरहेडवर छापून हातात ठेवतो. बावरून जाऊ नका. तो नवीन आला असेल. मार्चनंतर त्याची बदली होते.