साडेतीन जीबीचा अंधार

रंगपंचमीची गेर, म्हणजे आमच्या इंदूरची रंग उडवत निघणारी मिरवणूक, राजवाड्यासमोर मुंगीला शिरायला जागा नाही, आम्ही ओळखीच्यांच्या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीत, फोन पन्नीत गुंडाळलेला, आणि खालून त्या मिसाइलने, म्हणजे गुलाल उडवायच्या मशीनने, गुलाल थेट आमच्या नाकापर्यंत उडवला, अख्खं आभाळ गुलाबी झालं, मी बटण दाबलं आणि फोन म्हणाला, जागा नाही. शब्द इंग्रजीत होते, पण टोन भरलेल्या बसच्या कंडक्टरचा. तेवढ्यात गुलाल खाली बसलापण. फोटो नाही मिळाला, कानातून मात्र दोन दिवस गुलाबी निघत होतं.

घरी येऊन बघितलं तर 23,417 फोटो. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "डिलीट करून टाक ना, त्यात काय एवढं." असं कोण बोलू शकतं, तर ज्याच्या फोनमध्ये सगळे मिळून नव्वद फोटो आहेत आणि त्यातले साठ विजेच्या मीटरचे.

रात्री ओटा आवरून बसले. आता मी इंदूरची बाई, म्हणजे 2017 साली स्वच्छतेत पहिला नंबर आला तेव्हापासून कॉलर ताठ करून फिरणाऱ्या गावातली, ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, गाडीचं गाणं ऐकू आलं की डबे घेऊन फाटकाशी हजर. मला कोण कचरा शिकवणार? पण इथे ओला कुठला आणि सुका कुठला तेच कळेना. सासूबाईंच्या बीपीच्या गोळीच्या पाकिटाचे चौदा फोटो, एकच गोळी, चौदाही वेळा दुकानदाराला दाखवायला नव्याने काढलेली, कारण जुना फोटो कधी सापडतच नाही. कुकरच्या रिंगचा फोटो, शेजारी मापाला म्हणून माझा हात. कुठल्या तरी पार्किंगमधला खांब नंबर बी-7, गाडी तिथून निघून वर्षं झाली पण खांब माझ्याकडे आहे. आणि एका लग्नात पुढच्या खुर्चीवर बसलेल्या बाईच्या ब्लाउजची पाठ, टेलरला दाखवायला. ती बाई कोण, कुठली, मला काही माहीत नाही, पण पाठ मी गर्दीत ओळखीन. हे डिलीट कसं करू, ब्लाउज अजून शिवायचाय!

मग म्हटलं, व्हॉट्सॲपपासून सुरू करू. तिथे सगळे देव. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्तगुरू आणि गजानन महाराज दोघेही, शिवाय रोजचं गुलाबाचं फूल, त्यावर दव आणि खाली सुविचार. देवाला एकदम कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर टाकायला हात धजेना, म्हणून मनातल्या मनात 'पुनरागमनाय च' म्हटलं आणि सहाशे देव एका झटक्यात विसर्जित केले. (मंत्राचा गुण लगेच आला, सकाळी साडेपाचला आत्याबाईंकडून सगळे परत हजर.) आणि एवढं पाप करून जागा किती मिळाली, तर 80 एमबी. कारण व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आधीच दाबून-दुबून बारीक केलेला असतो, खरे जाडजूड असतात ते आपण स्वतः काढलेले व्हिडिओ. फोर-केवर ठेवला असेल तर एका मिनिटाला सहज 300 एमबीच्या वर खातो.

हे कळल्यावर मी साइझप्रमाणे यादी लावली, आणि सगळ्यात वर निघाला एक व्हिडिओ, साडेतीन जीबीचा, अकरा मिनिटांचा, पूर्ण काळा. लावून बघितला. हिवाळ्यात बहिणीबरोबर रात्री सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गेले होते, तिथे गराडूवाल्याने कढईतून गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडी, काढून त्यावर मसाला भुरभुरवला तो व्हिडिओ घेतला, छान आला म्हणून खूश होऊन फोन पर्समध्ये टाकला, बंद न करता. पुढची साडेदहा मिनिटं पर्सच्या आतून. चित्र नाही, आवाज मात्र एकदम क्लियर. विषय पुतणीच्या लग्नातल्या मानपानाचा, बहीण नुसतं 'हो का गं' म्हणत होती आणि मी मोकळेपणाने बोलत होते, तोंडात गराडू असूनही एकेक शब्द सुटा. कानशिलं गरम झाली माझी. तो व्हिडिओ मी अशा चपळाईने उडवला म्हणून सांगू, दूध उतू जातानासुद्धा माझा हात एवढा जलद चालत नाही.

मग हुरूप आला. कोणीतरी सांगितलं होतं की एका फोटोवर बोट दाबून धरायचं आणि खाली ओढत न्यायचं, भराभर सिलेक्ट होतात. ओढलं. स्क्रीन आपोआप पळायला लागली, 40, 200, 900, मी बोट उचलायला घाबरले कारण उचललं तर सगळं सुटेल असं वाटलं, शेवटी 3,126 वर थांबले, आणि वर क्लाउडवर आहेतच की सगळे, फोनमधून गेले तर काय बिघडलं, असं म्हणून डिलीट. त्याने काहीतरी विचारलं, मी ओके म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा ओके.

त्यात पुतणीचं अख्खं लग्न गेलं. हळद, सीमांतपूजन, कन्यादान, सगळं. जाऊबाई पंधरा दिवसांपासून मागत होत्या ते फोटो, आणि मी 'देते, देते' करत होते.

जाऊबाई वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या धाकट्याला, म्हणजे माझ्या पुतण्याला, हळूच फोन करून खाली बोलावलं. तो चड्डीवर आला, फोन हातात घेतला आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तसा बघायला लागला. "काकू, तू काय करून राहिली होतीस? अगं या गूगल फोटोजच्या ॲपमधून उडवलं की फोनमधूनही जातं आणि वरूनही जातं. नुसती फोनची जागा करायची तर फ्री अप स्पेस दाबायचं, तो वर चढलेले तेवढेच फोनमधून काढतो."

"म्हणजे गेले?"

"नाही गेले. ट्रॅशमध्ये आहेत. बॅकअप असेल तर 60 दिवस, नसेल तर 30. म्हणून तर तुझी जागापण झाली नाहीये, सगळं इथेच बसलंय."

मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला जिरावन, आपला इंदुरी मसाला, टाकून पोहे करते म्हटलं, रात्री पावणेबाराला. तो म्हणाला कर. "फक्त लग्नाचे काढ हं," मी ओट्याकडून ओरडले, "बाकीचे राहू दे तिथेच." तर तो म्हणतो, "तीन हजारातून कुठे वेचत बसू काकू, सगळे रिस्टोर केले."

मी कांदा हातातच धरून उभी. खांब आला असेल, चौदा गोळ्या आल्या असतील, येऊ देत. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या, जाऊबाईच, दिवा दिसला म्हणून विरजण मागायला वाटी घेऊन उतरत होत्या, आणि आतून पुतण्याचा आवाज आला, "काकू, हा साडेतीन जीबीचा काळा कसला व्हिडिओ आहे गं? थांब, आवाज मोठा करतो."