बी.यू. मिळाली म्हणजे पुराचे नुकसान महापालिका भरून देईल?

वडोदऱ्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा एक संदेश सांगतो की इमारतीला बी.यू. (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरण्याची) परवानगी असेल तर पुराचे नुकसान महापालिकेने भरून दिले पाहिजे, आजवा धरणातून सोडलेल्या पाण्याचा पूर मानवनिर्मित असल्याने विमा कंपनी पैसे देत नाही, आणि गृहकर्ज असेल तर वेगळ्या विम्याची गरजच नाही. तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि तळमजल्यावरच्या कुटुंबांना ती महागात पडू शकतात.

बी.यू. म्हणजे बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झाले असून इमारत वापरायला हरकत नाही, एवढेच. पाणी शिरणार नाही याची ती हमी नव्हे. गुजरातच्या विकास नियंत्रण नियमांनुसार, संरक्षक बांधकाम नसलेल्या नदीच्या काठापासून ३० मीटरांच्या आत बांधकाम करता येत नाही आणि भरावही घालता येत नाही. मात्र हे अंतर आडवे मोजतात, पूर उंचीने चढतो. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातल्या विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांवर गेली, तेव्हा काठापासून बऱ्याच दूरच्या सोसायट्यांतही पाणी शिरले. म्हणून घर घेताना बी.यू.बरोबरच जोत्याची उंची आणि त्या वर्षीच्या पाण्याची खूण विचारली पाहिजे. बुजवलेल्या कांसांबद्दल (पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांबद्दल) आणि नदीपात्रातल्या भरावाबद्दल महापालिकेला जाब विचारायलाच हवा, आणि तो चिकाटीने विचारावा. पण पुरानंतर मिळणारे सरकारी साहाय्य ठरावीक दराचे असते, ती नुकसानभरपाई नव्हे.

विम्याबद्दलचा गैरसमज अधिक घातक आहे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर आणि जलमयता ही जोखीम नावानिशी दिलेली आहे. पाणी पावसाचे की धरणाचे, असा भेद तिथे नाही. विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर नव्हे, तर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते, त्यात जमिनीची किंमत येत नाही. समजा, ८०० चौरस फुटांचे घर प्रति चौरस फूट २,००० रुपयांनी पुन्हा उभे राहत असेल, तर रक्कम १६ लाख होते, आणि तिच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख २० हजारांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळते.

गृहकर्जाबरोबर घेतलेला विमा अनेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, आणि घराचा असला तरी त्यात फ्रीज, कपाटे, गाद्या येतीलच असे नाही. बँकेकडून पॉलिसीची प्रत मागवून त्यातील रक्कम, मुदत आणि सामानाचा उल्लेख पावसाळ्याआधीच तपासून घ्यावा, कारण पाणी शिरल्यानंतर काढलेली पॉलिसी आधी झालेल्या नुकसानाला लागू होत नाही.